लाकूड कुणाचं?

रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहायला आलेला माणूस आत शिरला की आधी मान वर करतो. उंच छत, कमानी, अर्धगोल खिडक्या, त्यांतल्या रंगीत काचा. माहिती देणारा आवर्जून सांगतो, हे ब्रह्मदेशी सागवान. लोक लाकडावरून हात फिरवतात, फोटो काढतात आणि संग्रहालयातल्या मूर्तींकडे वळतात. जाता जाता कुणीतरी म्हणतंच, ‘काय थाट होता राजाचा!’

थाट कसला? ही कैद होती. आणि ती का झाली, याचं निम्मं उत्तर त्या सागवानात आहे.

1885 साली ब्रह्मदेशचा राजा थिबा याच्या मंडालेच्या दरबारानं ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ला 23 लाखांच्या घरात दंड ठोठावला. आरोप असा की जंगलातून सागाचे जेवढे ओंडके बाहेर गेले, तेवढ्यांचे पैसे खजिन्यात आले नाहीत. कंपनी वॉलेस बंधूंची, स्थापना मुंबईची. आपल्या जंगलातलं लाकूड मोजून घेणं हा कुठल्याही राजाचा हक्क. पण ऑक्टोबरात इंग्रजांचा निर्वाणीचा खलिता आला: दंडाची वसुली थांबवा, मंडालेत आमचा प्रतिनिधी ठेवून घ्या, परराष्ट्र व्यवहार आमच्या सल्ल्यानं चालवा. फ्रेंच ब्रह्मदेशात पाय रोवतील ही धास्ती इंग्रजांना होतीच. दंडाचं निमित्त आयतं मिळालं. नोव्हेंबरात आगबोटी इरावतीतून वर सरकल्या आणि महिना संपायच्या आत थिबा कैदी झाला. 1 जानेवारी 1886 ला उत्तर ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्यात सामील केल्याची घोषणा झाली. त्या दिवशी थिबाला 27 वर्षं पूर्ण झाली.

थिबा संत नव्हता. गादी टिकवण्यासाठी 1879 साली त्याच्या दरबारात सत्तर-ऐंशी राजबंधू आणि नातलगांची कत्तल झाली, आणि तो डाग पुसता येत नाही. पण इंग्रजांची फौज त्या मेलेल्यांना न्याय द्यायला आली नव्हती. कत्तलीनंतर सहा वर्षं ती हलली नाही. दंड झाल्यावर मात्र तीन महिन्यांत हलली.

आधी मद्रास, मग एप्रिल 1886 मध्ये रत्नागिरी. जागा विचार करून निवडलेली होती. पुढे समुद्र, मागे सह्याद्री. रेल्वे यायला आणखी शंभर वर्षं लागायची होती. इथून पळून जाणार कुठे? आणि ज्या राजवाड्याचे आपण फोटो काढतो, तो तेव्हा नव्हताच. राजा, दोन राण्या आणि मुली भाड्याच्या बंगल्यांत राहत. हा वाडा उभा राहिला 1910 साली, कैदेला चोवीस वर्षं झाल्यावर. डिसेंबर 1916 मध्ये थिबा वारला. म्हणजे रत्नागिरीतल्या तीस वर्षांपैकी जेमतेम सहा वर्षं त्यानं या छपराखाली काढली. मधल्या काळात एकेक माणिक गावातल्या सावकार-सराफांकडे गेलं. मंडालेच्या गडबडीत नाहीसं झालेलं मोठं माणिक परत मिळावं म्हणून तो अर्ज लिहीत राहिला. ते मिळालं नाही.

आता टूटूबद्दल. रत्नागिरीनं ही बाई विसरू नये, असं मला मनापासून वाटतं. राजघराण्यातला वर मिळत नाही आणि दुसरा चालत नाही, अशा कोंडीत राजकन्यांची लग्नं अडली होती. थोरलीचं मन पहारेकऱ्यावर, गोपाळ सावंतावर जडलं. 1906 साली त्यांना मुलगी झाली, ती टूटू. सुपायालात राणी 1919 साली कुटुंब घेऊन रंगूनला परतली. थोरली मात्र पुढे मुलीसह पुन्हा रत्नागिरीत आली आणि 1947 साली इथेच गरिबीत वारली. टूटूनं कागदी फुलं केली, गोवऱ्या थापल्या, संसार रेटला. मराठीच बोलली. ब्रह्मदेशच्या राजाची नात कोकणातली कष्टकरी बाई होऊन जगली. ‘राजाचा थाट’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा.

राजवाडा पाहून लोक परस्पर थिबा पॉइंटवर सूर्यास्ताला जातात. शिवाजीनगर भागातल्या समाधीकडे फार थोडे वळतात. थिबाचा देह मायदेशी न्यायला राणीनं परवानगी मागितली होती. सरकारनं नकार दिला. 1912 साली गेलेल्या धाकट्या राणीचा आणि थिबाचा देह तोवर ताटकळत होते. अखेर 1919 साली सरकारनं दोघांना इथेच समाधी दिली. सुपायालात त्या विधीला गेली नाही. माझ्या मते या साऱ्या प्रकरणात सर्वांत ताठ मान तिची.

ती कंपनी मात्र टिकली. मालक बदलले, धंदेही बदलले, पण मुंबईच्या शेअर बाजारात ती आजही आहे.

थिबाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, डिसेंबर 2016 मध्ये, म्यानमारचे उपराष्ट्राध्यक्ष आणि त्यांच्यासोबत सरसेनापती मिन आंग लाइंग समाधीवर आले. राजाचे वंशजही होते. परकीयांनी हिरावलेल्या राज्याचं स्मरण झालं, आदरांजली वाहिली गेली. फेब्रुवारी 2021 मध्ये याच सरसेनापतींनी निवडून आलेलं सरकार उलथून टाकलं. एप्रिलमध्ये अमेरिकेनं तिथल्या सरकारी इमारती लाकूड महामंडळावर निर्बंध घातले. कारण लष्करशहांच्या हाती जाणारा पैसा रोखायचा होता, आणि त्यातला काही आजही सागवानातून येतो.