क्लास १८

निवृत्त होऊन पुण्यात आलो तेव्हा आमच्याकडे तेवीस काळ्या ट्रंका होत्या. फौजी माणसाच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव आणि हुद्दा असतो. बढती झाली की जुन्यावर काळा हात मारायचा आणि नवा हुद्दा लिहायचा. आमची एखादी ट्रंक नखानं खरवडली तर कर्नलखाली मेजर, मेजरखाली कॅप्टन अशी माझी सगळी नोकरी पापुद्र्या-पापुद्र्यांनी निघते. एकोणतीस वर्षांत सतरा घरं झाली. शेवटची ट्रंक माळ्यावर चढली तेव्हा हिनं जाहीर केलं, "आता मला इथून हलवायचं तर चौघं लागतील."

सहा महिन्यांनी मी दारात कॅम्परव्हॅन आणून उभी केली. मूळची सतरा सीटची प्रवासी गाडी. आत आता दोघांचा पलंग, हातभर ओटा, शंभर लिटरची पाण्याची टाकी आणि कोपऱ्यात संडास. हिनं गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, चाकाला पायानं टोचून पाहिलं आणि म्हणाली, "तीस वर्षं घर हलवलं, आता हलणारं घरच आणलंत!"

मी सॅपर, म्हणजे फौजेतला इंजिनिअर. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचा. सॅपर माणूस 'मॅड, मॅरिड ऑर मेथॉडिस्ट' असतो, असं इंग्रजांच्या काळापासून म्हणतात. देशस्थाच्या घरात मेथॉडिस्ट व्हायची सोय नव्हती. उरलेल्या दोन्ही अटी मी एकाच मुहूर्तावर पूर्ण केल्या, असं माझे सासरे म्हणत.

आमच्या सेंटरचा अभिमान म्हणजे राम राघोबा राणे. १९४८ च्या एप्रिलमध्ये भर गोळीबारात सुरुंग आणि अडथळे काढत या सेकंड लेफ्टनंटनं रणगाड्यांना राजौरीची वाट करून दिली आणि जिवंतपणी परमवीरचक्र मिळवलं. ती गोष्ट ऐकून माझी छाती फुगली. त्या फुगलेल्या छातीनं मी पलटणीत हजर झालो आणि पहिला हुकूम मिळाला तो शंभर जणांसाठी संडास खणण्याचा. फौजेत त्याला डीटीएल म्हणतात, डीप ट्रेंच लॅट्रिन. वारा कुठून येतो हे न पाहता मी तो खणला. पहिल्याच दिवशी सीओसाहेबांच्या तंबूतून बोलावणं आलं. वाऱ्याची दिशा मी आजही विसरत नाही.

म्हणून गाडीतला संडास हा माझ्या खास जिव्हाळ्याचा विषय. त्याच्या खाली एक सरकती टाकी असते, तिला कॅसेट म्हणतात. भरली की काढायची, योग्य जागी रिकामी करायची, धुऊन परत बसवायची. एका मुक्कामी शेजारच्या आजोबांनी आमचं बोलणं ऐकलं आणि प्रेमानं विचारलं, "भीमसेनांची आहे का एखादी?"

पहिली मोहीम कोकण. हर्णैजवळ वाळू कडक आहे असं माझ्या अनुभवी नजरेनं ठरवलं आणि गाडी थेट किनाऱ्यावर घातली. मागची चाकं निम्मी रुतली. मी शांतपणे उतरलो. जमिनीत आधी तीन खुंट्या ठोकायच्या, त्यांच्या मागे दोन, मग एक, सगळ्या एकमेकींना दोरानं बांधायच्या आणि त्या आधारावर गाडी ओढून काढायची. याला ३-२-१ होल्डफास्ट म्हणतात. मी वाळूत काडीनं आकृती काढली. जाळं विणत बसलेला एक पोरगा येऊन ती बघू लागला. मला वाटलं, चला, विद्यार्थी मिळाला.

"काका, भरती लागली," तो म्हणाला.

"किती वेळ आहे?"

"तुमचं चित्र पुसलं की कळेल."

मग तो खाली बसला आणि चारही चाकांतली निम्मी हवा सोडून दिली. टायर पसरले. त्यानं हिला सांगितलं, "काकू, हळूच घ्या, रेस नको." गाडी लोण्यातून सुरी निघावी तशी बाहेर आली. वाळूत हवा कमी करायची, हे मी राजस्थानात दोन वर्षं जवानांना शिकवत होतो. हिला ते माहीत होतं. ती काही बोलली नाही. तिनं त्या पोराला चहा मात्र दोनदा दिला.

माझं एक व्यसन सांगायला हवं. मला पुलावरून नुसतं पुढे जाता येत नाही. थांबतो, खाली उतरतो, बेअरिंग बघतो, कठड्यावर टिचकी मारतो. हिनं प्रवासाची वही ठेवली आहे. पहिल्याच पानावर नोंद आहे: 'पूल अकरा, देवळं शून्य.'

आणि त्यात बेली पूल दिसला की विचारूच नका. डोनाल्ड बेली या इंग्रज इंजिनिअरनं दुसऱ्या महायुद्धात काढलेली ही युक्ती. दहा फूट लांब, पाच फूट उंच लोखंडी पॅनेल सहा जण हातांनी उचलतात, खिळी मारून एकाला एक जोडतात आणि तयार सांगाडा रोलरवरून पलीकडच्या काठाकडे ढकलतात. क्रेन लागत नाही. २०१८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन रोडला फौजेनं पादचारी पूल उभारला तो याच जातीचा. नवं लग्न झालं तेव्हा मी दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये होतो. संध्याकाळी मुळेच्या काठी हिला फिरायला नेऊन मी हे सगळं रंगवून सांगत असे. "आणि पूल झाला," मी शेवटी आवाज खाली आणून म्हणायचो, "की पहिली गाडी जाताना बांधणारा इंजिनिअर पुलाखाली उभा राहतो." ती डोळे मोठे करून ऐकायची. नदी, वारा, बायको, सगळं जागच्या जागी.

गेल्या वर्षी आम्ही अरुणाचलात गेलो. तिथले रस्ते बांधणाऱ्या वर्तक प्रकल्पात असताना सेला खिंडीनं माझे दोन हिवाळे खाल्ले होते. आता २०२४ पासून बोगदा आहे, पंधरा मिनिटांत पलीकडे. मला उगाचच फसवल्यासारखं झालं. पुढे तवांगच्या वाटेवर एका आडरस्त्याला वळलो आणि नाल्यावर तो दिसला. माझा बेली. गंजलेला, फळ्यांची ठिगळं लावलेला, पण उभा. काठावर पिवळी गोल पाटी: १८.

"हा तुमचा?" हिनं विचारलं. त्या पोस्टिंगला कुटुंब न्यायला परवानगी नव्हती. ती पुण्यात दोन मुलांची आजारपणं काढत होती आणि मी इथून पत्रात पॅनेलची संख्या कळवत होतो.

"माझा. क्लास १८, म्हणजे ढोबळमानानं अठरा टनांची गाडी. आपली साडेचार टन."

"तुमच्या हत्यारपेटीसकट?"

"सकट."

तिनं पुलाकडे पाहिलं, खालच्या पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"किल्ली द्या," ती म्हणाली. "गाडी मी नेते. तुम्ही खाली उभे राहा."

मी उतरलो. गुडघाभर पाणी, बर्फाचं. डोक्यावर फळ्या खडखडल्या, थोडा गंज माझ्या टकलावर पडला. गाडी पलीकडे गेली, दोनदा हॉर्न वाजला, आणि ती थांबली थेट वरच्या वळणावरच्या चहाच्या टपरीपाशी. मी ओल्या बुटांनी चढ चढून पोचलो तेव्हा ती वहीत लिहीत होती. वाकून पाहिलं: 'पूल एक.'