पावसाचा पासवर्ड

'जालना सोने का पालना' अशी जुनी म्हण आहे. पाळण्यात कोण झोपतं आणि दोरी कोणाच्या हातात असते, हे मात्र म्हणीनं सांगितलं नाही. ते अतिवृष्टीनं सांगितलं.

2022 ते 2024 या काळात जालना जिल्ह्याच्या अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत पीक नुकसानीचं अनुदान वाटलं गेलं. चौकशी झाली तेव्हा कळलं की पाऊस भलताच समदर्शी होता. शेतकऱ्याच्या कपाशीवर पडला, तसाच सातबाऱ्यावर नावच नसलेल्यांवरही पडला. काहींच्या एकाच तुकड्यावर दोनदा पडला, आणि सरकारी जमिनीलाही त्यानं परकं मानलं नाही. आकडा निघाला सुमारे 24 कोटी 90 लाखांचा. तलाठी निलंबित झाले आणि ऑगस्ट 2025 मध्ये अंबड पोलिसांत 28 जणांवर गुन्हा दाखल झाला. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवील. आम्हाला काळजी आहे ती पासवर्डची.

नियमानं पंचनामा तिघांनी करायचा: तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक. बांधावर जायचं, नुकसान 33 टक्क्यांच्या वर आहे का ते पाहायचं, मग यादी. ती अपलोड व्हायची तहसीलदारांच्या लॉगिनवरून. तहसीलदारांचा पासवर्ड मात्र, आरोप खरे असतील तर, चावडीवरच्या पाण्याच्या माठासारखा. ज्याला तहान लागेल त्यानं ओतून घ्यावं. विचारलं तर साहेब म्हणणार, मी टाकलंच नाही. ऑपरेटर म्हणणार, सही साहेबांची आहे. उरला बिचारा संगणक. त्याला निलंबित करता येत नाही, कारण तो वर्ग तीनमध्येही बसत नाही.

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम 1979 सालचे. सरकारी नोकरानं सचोटी राखावी, असं त्यांत लिहिलंय. पासवर्ड कुठे राखावा, हे लिहायचं राहिलं. तेवढ्यात सरकारनं सुधारणा केली ती पदनामांत. तलाठी झाला ग्राम महसूल अधिकारी, ग्रामसेवक झाला ग्रामपंचायत अधिकारी आणि कृषी सहायक झाला सहाय्यक कृषी अधिकारी. पंचनाम्याला जाणारे तिघंही आता अधिकारी. बांधावर चिखल तुडवायला कोणी उरलं का, ते पाहावं लागेल.

इकडे खरा शेतकरी अनुदानाच्या व्हीके नंबरचा (विशिष्ट क्रमांकाचा) कागद घेऊन सेवा केंद्राच्या रांगेत. ई-केवायसीला अंगठा लावतो, यंत्र म्हणतं जुळत नाही. कापूस वेचून रेषा झिजल्यात ना. बिनजमिनीच्या लाभार्थ्याचा अंगठा मात्र कसा मऊसूत, पहिल्या झटक्यात उमटणारा!

सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात पुन्हा पाणीच पाणी झालं. पुन्हा पंचनामे, पुन्हा याद्या. अंबड-घनसावंगीकरांनो, यादी लागली की नीट वाचा. तुमचं नाव सापडलं नाही तरी वाचा. पुण्यात नोकरीला असलेल्या, गावात एक गुंठाही नसलेल्या भाच्याचं कपाशीचं नुकसान किती झालं, ते तिथेच कळेल.