तळघरातला नकाशा

विकिपीडियाचं दार सर्वांना खुलं आहे. फक्त आत गेल्यावर कुठं वळायचं, ते विचारू नये. शोधचौकटीत नाव टाकायचं, म्हणजे जे शोधायचं त्याचं नाव आधीच ठाऊक हवं. विषयवार वाट दाखवणारे ‘वर्ग’ आहेत की! पण पानाच्या अगदी तळाशी, संदर्भांच्याही खाली. मोबाइलवर लॉग-इन न केलेल्याला तर तेही दिसत नाहीत. ज्याला काहीच शोधायचं नाही, त्याची सोय मात्र चोख: मराठी आवृत्तीत त्याच्यासाठी ‘अविशिष्ट लेख’ हा खास दुवा आहे.

कुणी म्हणेल, गूगल असताना वर्ग कशाला? गूगल पानावर आणून सोडतं, शेजारपाजार दाखवत नाही. १९७६ साली पहिला खंड निघालेल्या छापील मराठी विश्वकोशात नोंदीखाली ‘पहा’ असे, आणि कोयनेच्या धरणाकडे निघालेला वाचक १९६७च्या भूकंपाशी पोचू शके. स्वयंसेवकांचं फुकटचं काम, त्याला नावं का ठेवायची, हेही ऐकू येतं. त्यांना नाहीच ठेवत. ते बिचारे वर्ग इमानानं लावतात. लपवतो तो पानाचा आराखडा, आणि तो लपवण्याला म्हणे ‘सुटसुटीतपणा’ म्हणतात.