खोलीची शेजपाळी

"काका, मंगळवारी सकाळी तुमचा हॉल रिकामा असतो का?"

रात्री साडेअकराला पुतण्याचा फोन. आमच्याकडे हॉल म्हणजे बारा बाय दहाची बैठकीची खोली. सोफा, टीव्ही, देव्हारा आणि पाऊस लांबला की वाळत घातलेले कपडे असं एकत्र कुटुंब तिच्यात नांदतं. मी विचारलं, "का रे, पाहुणे येणारेत का तुला बघायला?"

"नाही हो. स्मरणशक्ती मोजायचीये. पाच शेतकरी येतील. फॅन चालेल, टीव्ही नको. आणि काकूंना सांगा, तेवढा वेळ कुकर लावू नका. शिट्टीनं डेटा खराब होतो."

हा पुतण्या नगर जिल्ह्यातल्या एका विद्यापीठीय संशोधन केंद्रात मानसशास्त्राची पीएचडी करतो. केंद्राचं नाव सांगत नाही, त्याचा व्हायव्हा अजून व्हायचाय. विषय मात्र अस्सल नगरी आहे: रात्री पाणी भरणाऱ्या शेतकऱ्यांची झोप आणि स्मरणशक्ती. शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, हा आपल्याकडचा रिवाज. रात्रीच्या आठवड्यात माणूस बॅटरी घेऊन शेतात पाण्याची दारं धरायला जातो. एक कान पाण्याकडे, दुसरा उसातल्या बिबट्याकडे. सकाळी अशा माणसाला पंधरा शब्द वाचून दाखवायचे आणि अर्ध्या तासानं विचारायचं, किती आठवतात? माणसं साठ, आणि प्रत्येकाची चाचणी दोनदा, एकदा रात्रीच्या आठवड्यात, एकदा दिवसाच्या. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून सरकारनं 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, 2023 साली तिची दुसरी आवृत्ती काढली. ती गावोगाव पोचावी म्हणून अख्खा जिल्हा देव पाण्यात घालून बसलाय. पुतण्या तेवढा म्हणतो, माझा प्रबंध होईपर्यंत थांबा.

या प्रयोगाला लागतं काय? एक टेबल, दोन खुर्च्या, एक लॅपटॉप आणि एक शांत खोली. पहिल्या तिन्ही गोष्टी केंद्रात मुबलक आहेत.

शांत खोली एकच. दारावर 'प्रयोग कक्ष' अशी पाटी. आत नॅकच्या वेळी केलेल्या फायली, क्रीडा विभागाचे ट्रॅकसूट, गेल्या सत्राचे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि एक हार्मोनियम. हार्मोनियम कुणाची, हा वेगळ्या प्रबंधाचा विषय होईल. उरलेल्या जागेत चार संशोधक विद्यार्थी, दोन विभाग आणि 'पाचच मिनिटांचं काम' असलेले सगळे. मानसशास्त्राचा जन्मच तसा अडगळीतला. विल्हेल्म वुंटनं 1879 साली लाइपझिगला पहिली प्रयोगशाळा थाटली, त्याआधी विद्यापीठानं त्याला खोली दिली होती ती उपकरणं ठेवायला. आपल्याकडे ही परंपरा निष्ठेनं पाळली जाते. उपकरणं ठेवायला खोली लगेच मिळते, ती वापरायला मागू नये एवढंच.

खोली हवी तर नोंदवहीत लिहायचं. तारीख, वेळ, नाव, कारण, सही. विद्यार्थी पेन्सिलीनं लिहितो, कारण खोडावं लागणार हे त्याला ठाऊक असतं. प्राध्यापक पेनानं लिहितात. विभागप्रमुख मॅडम लिहितच नाहीत. वहीतलं प्रत्येक पान पेन्सिलीच्या खाडाखोडीनं करडं झालंय. पुतण्याच्या नावावर आडवी रेघ आणि वर लिहिलेलं: 'निरोप समारंभ, वडापाव'.

मग सुधारणा झाली. पुण्याहून कुणीतरी प्रशिक्षण घेऊन आलं आणि सगळं गुगल कॅलेंडरवर गेलं. प्रत्येकाला एक रंग. पहिल्याच आठवड्यात एका ज्येष्ठ सरांनी नोंद करताना 'पुनरावृत्ती' या खान्यात 'दररोज' दाबलं. तेव्हापासून खोली रोज नऊ ते पाच त्यांच्या नावावर आहे. ती नोंद काढायची कशी ते फक्त त्यांच्या पासवर्डला माहीत आणि पासवर्ड त्यांना माहीत नाही. सर यथावकाश निवृत्त झाले, पण नोंद अजून सेवेत आहे. कॅलेंडर उघडलं की पडदा जांभळा दिसतो आणि सगळे मुकाट्यानं पुन्हा वहीकडे वळतात.

वहीत नाव टिकलं तरी किल्ली उरतेच. किल्ली शिपाई मामांकडे. मामा बँकेत, मामा परीक्षा विभागात, मामा आत्ताच इथे होते. याच जिल्ह्यात शनिशिंगणापूर आहे. तिथल्या घरांना परंपरेनं दारं नाहीत, म्हणून कुलपं नाहीत. 2011 साली युको बँकेनं तिथे बिनकुलपाची शाखासुद्धा उघडली. शनिमहाराजांच्या भरवशावर लोक पैसा उघड्यावर ठेवतात आणि आमच्या केंद्राला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या उघड्यावर ठेवायचा धीर होत नाही. पुतण्यानं एकदा दुसरी किल्ली करून घ्यायची परवानगी मागितली. अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते शोधायला गेला, तर ते टेबल प्रयोग कक्षात होतं.

जुने नगरकर म्हणतात, खोलीचा प्रश्न आपल्या गावात एकदाच नीट सुटला. ऑगस्ट 1942 मध्ये नेहरू, पटेल, आझाद वगैरे काँग्रेस कार्यसमितीची मंडळी भुईकोट किल्ल्यात आणली, तेव्हा. कुणाला अर्ज करावा लागला नाही. नेहरूंनी त्या मुक्कामात 1944 सालच्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून काढलं. आझादांचं 'गुबार-ए-खातिर' तिथलंच. एवढं संशोधन एवढ्या कमी वेळात जिल्ह्यात पुन्हा झालेलं नाही. किल्ली कुणाकडे आहे याबद्दल तिथे संभ्रम नव्हता, हे कारण असावं.

आता माणसांचं ऐका. माणसं आणायची तर आधी नैतिकता समितीची मंजुरी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की समितीत सात ते पंधरा जण हवेत, बैठकीला किमान पाच हवेत, सहभागी माणसाच्या वेळेचा आणि बुडालेल्या रोजगाराचा विचार हवा. पाच जण जमले. बसायला जागा? प्रयोग कक्ष. त्या दिवशीची चाचणी रद्द झाली. सहभागींची गैरसोय होऊ नये यावर समितीनं सव्वा तास चर्चा केली आणि सहभागी तेवढा वेळ व्हरांड्यात उभे राहिले.

संमतीपत्रावर एक ओळ असते: सहभागी कधीही, कोणतंही कारण न देता माघार घेऊ शकतो. पुतण्यानं ही ओळ एका पुढाऱ्याच्या भाच्याला वाचून दाखवली, तर तो म्हणाला, "हे तर आम्ही दर निवडणुकीला करतो, कागद कशाला?" बाकीच्यांची माघार मात्र सकारण होती. पाथर्डी-शेवगावकडची निम्मी नावं दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली, ती उन्हाळ्यातच परतणार. रंगपंचमीला मढीची यात्रा. कांद्याला भाव आला की गोणी भरायच्या, पडला की बसून राहायचं, दोन्ही वेळी स्मरणशक्ती मोजायला सवड नसते. एक आजोबा वेळेवर आले ते गुडघ्याचा एक्स-रे घेऊन. 'डॉक्टर होणारेत' एवढंच त्यांच्या कानावर गेलं होतं. पुतण्यानं एक्स-रे उजेडाला धरून पाहिला. न पाहता परत देणं त्याच्या जिवावर आलं.

सहभागी क्रमांक सतराला सकाळी नऊची वेळ दिली होती. हे नाना मुळा धरणाच्या उजव्या कालव्यावर पाटकरी होते आणि निवृत्तीनंतर स्वतःच्या दोन एकराला रात्री पाणी भरतात. नऊला पाच कमी असताना नाना हजर. खोलीत 'तातडीची बैठक'. साडेदहापर्यंत ते बाकावर बसले. मग वेळ जाईना म्हणून त्यांनी समोरची नोंदवही उघडली आणि चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचली.

"सर," ते पुतण्याला म्हणाले, "तुमच्याकडं आवर्तन सुटलंय, पण पाळीपत्रकच नाही की."

ज्यांनी कालवा फक्त पुलावरून पाहिलाय त्यांच्यासाठी सांगतो. मुळा धरण सव्वीस टीएमसीचं. त्याचं पाणी हजारो शेतांत जातं आणि तेही एकाच वेळी नाही. शेतकरी सात नंबरचा फॉर्म भरतो: गट नंबर, पीक, क्षेत्र. मग पाळीपत्रक निघतं. कुठली चारी कधी सुटणार, कुठल्या दारावर कुणाची पाळी, किती तास, हे त्यात लिहिलेलं असतं. रात्री अडीचला पाळी आली तर रात्री अडीचला जायचं. पाणी देतात ते टेलकडून हेडकडे, म्हणजे आधी शेवटच्या माणसाला, मग वरच्याला. हेडवाल्याला आधी दिलं तर टेलला ओलही पोचत नाही, हे कालव्यावर सगळ्यांना कळतं. हेडवाल्यालाही कळतं, म्हणून तर तो रात्री चारी फोडतो. या टेलकडून हेडकडच्या पाळीला म्हणायचं शेजपाळी.

आणि आपला जिल्हा वेळापत्रकांचाच आहे हो. प्रवरेचा कारखाना 1950 च्या सुमारास उभा राहिला, तेव्हापासून ऊसनोंदीच्या तारखेवर तोड ठरते. कारखान्याच्या चिटबॉयला लागवडीचा दिवस, उसाची जात आणि कुणाचा फड कुणाच्या आधी, हे सगळं तोंडपाठ असतं. शिर्डीत दर्शनाला पासवर वेळ छापून मिळते. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघून जिल्हा ओलांडते, तेव्हा दुपारचा विसावा कुठे आणि रात्रीचा मुक्काम कुठे हे गावागावाला महिनाभर आधी ठाऊक असतं. एवढ्या सगळ्यात एकाच खोलीचा मेळ बसत नाही. कारण पाणी तासावर मोजतात, ऊस टनावर, आणि खोली मानावर.

नानांनी वहीच्या मागच्या पानावर रेघा मारल्या. चार संशोधक, दोन विभाग, सहा वार. प्रत्येकाकडून मागणी लिहून घेतली: माणसं किती, मिनिटं किती, रात्रीची लाईट कुठल्या आठवड्यात. लाईटचा आठवडा कुठल्या फीडरला कधी, ते त्यांना पाठ. त्यामुळे पुतण्याची साठ माणसं पहिल्यांदाच वेळेत बसली. जो सगळ्यात नवा विद्यार्थी, त्याला सोमवारची सकाळ. विभागप्रमुखांना शनिवारी दुपारी तीन.

पाळीपत्रक दारावर लागलं. तीन दिवस शांतता होती.

चौथ्या दिवशी सभा भरली. मॅडम म्हणाल्या, पद्धत उत्तम आहे, पण टेल आणि हेड यांची व्याख्या तपासायला हवी, कारण प्रशासकीय दृष्ट्या टेल मीच आहे, सगळं शेवटी माझ्याकडेच येतं. शेजारच्या विभागाचे सर मूळचे मराठवाड्यातले. त्यांनी समन्यायी वाटपाचा मुद्दा काढला. 15 ऑक्टोबरला जायकवाडी पासष्ट टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं असतं, तसं आमच्या विभागाचे तास पासष्ट टक्क्यांखाली आले तर तुम्ही सोडणार का? या वाक्यावर सभेत एकदम नगर विरुद्ध औरंगाबाद झालं. शहरांची नावं बदलली तरी ते भांडण जुन्याच नावानं चालतं. हार्मोनियमसुद्धा त्या गडबडीत कुणाच्या तरी कोपरानं वाजली. शेवटी उपसमिती नेमली. तिची पहिली बैठक, अर्थात, प्रयोग कक्षात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरचं पाळीपत्रक गायब. चार कोपऱ्यांना सेलोटेपचे तुकडे तेवढे उरले होते. पुतण्या हताश झाला. नाना अजिबात चकित झाले नाहीत. "चारी फोडली रात्रीतून," ते म्हणाले. "पंचनामा करून ठेवा. कुणी फोडली ते विचारू नका, नाव सगळ्यांना माहीत असतं."

त्या गोंधळात अखेर नानांची चाचणी झाली. आमच्याच हॉलमध्ये, मंगळवारी. कुकर बंद, टीव्ही बंद, मी स्वयंपाकघरात चहा न उकळता बसलेलो. पुतण्यानं पंधरा शब्द वाचले. अर्ध्या तासानं विचारलं. नानांना चार आठवले. रात्रभर कांद्याला पाणी दिलं होतं त्यांनी. पाच झाले असते, पण 'खिडकी' ऐवजी ते 'फळी' म्हणाले.

"वाईट वाटून घेऊ नका, नाना."

"वाईट कशाचं? ते शब्द काय कामाचे होते?" आणि मग, कुणी न विचारता, त्यांनी आपल्या चारीवरची दारं सांगायला सुरुवात केली. टेलपासून. एक नंबर, कुणाचं, किती गुंठे, बांधावर काय. दोन नंबर. वीस वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांची, वाटण्या होऊन तुकडे पडलेल्या शेतांची, सगळी ओळीनं. तेवीस दारं. पुतण्यानं मोबाइलवर मोजली. मग फॉर्मवर ते कुठे लिहायचं ते शोधू लागला. तसा रकाना नव्हता.

नाना अठराव्या दाराशी असतानाच आमच्या हॉलचं दार वाजलं होतं. ते तेविसाव्यापर्यंत पोचले तेव्हा बायको उंबऱ्यात उभी होती. हातात हळदीकुंकवाचं ताट आणि मागे सोसायटीतल्या सात-आठ जणी.

"पाचच मिनिटांचं काम आहे," ती म्हणाली.

नानांनी टोपी उचलली आणि पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चला सर. दारं मोडलं."