बेघराचे साडेआठ टन

पापपुण्याची नोंद ठेवायला पूर्वी चित्रगुप्त होता. आता ज्याची वही त्यानेच लिहायची आहे. आंघोळ बादलीने की शॉवरखाली, ऑफिसला बसने की मोटारीने, ताटात वरण की मटण, वर्षाकाठी विमानप्रवास किती, एवढे संकेतस्थळावर भरले की पडदा निकाल देतो: सगळे जग तुमच्यासारखे राहिले तर अमुक इतक्या पृथ्व्या लागतील. हे माप १९९० च्या दशकात कॅनडात विल्यम रीस आणि मॅथिस वाकरनागेल यांनी घडवले, ते एखादे शहर किंवा देश जगवायला किती जमीन आणि पाणी लागते, हे कळावे म्हणून. पुढे २००४ च्या सुमारास बीपी या तेल कंपनीने त्यातला कार्बनचा भाग उचलला आणि घरोघरच्या माणसाला स्वतःचा आकडा काढायला बसवले. पेट्रोल विकणाऱ्यानेच गिऱ्हाइकाला कळवळून विचारावे, ‘बाबा रे, तू जाळतोस तरी किती?’ असा हा उदात्त प्रसंग.

या आत्मपरीक्षणाने माणूस कुठवर पोचतो, हे अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले. त्यांनी तिथल्या भिक्षूपासून अब्जाधीशापर्यंत अनेकांच्या राहणीचा हिशेब मांडला. सर्वांत कमी उत्सर्जन निघाले निवाऱ्यात झोपणाऱ्या आणि अन्नछत्रात जेवणाऱ्या बेघर माणसाचे: वर्षाला साडेआठ टन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे तरीही जगाच्या तेव्हाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त. कारण रस्ते, सैन्य, सरकारी कारभार यांचा वाटा त्याच्याही नावावर पडतो. आता या गृहस्थाने आणखी कशाचा त्याग करावा? आपल्याकडेही एलईडी दिवा लावणाऱ्याला प्लगच्या पलीकडे कोळसा जळावा की ऊन वापरावे, हे ठरवता येत नाही. चंद्रपूरचे वीजकेंद्र त्याला विचारून चालत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग सगळे खापर कंपन्या आणि सरकारवर फोडून आपण मोकळे. तसे नाही. मुंबई-लंडन जाऊन येण्यात एका प्रवाशाच्या वाट्याला टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड येतो. सरासरी भारतीयाचा तो जवळजवळ अर्ध्या वर्षाचा हिशेब. कापडी पिशवी घेऊन विमानात चढल्याने तो फिटत नाही, आणि हे आकडाच सांगतो. दुसरा आक्षेप देशभक्तीचा: आपण माणशी सुमारे दोनच टन, अमेरिका कितीतरी पुढे, आधी त्यांना सांगा. त्यांना सांगायचेच, पण ही सरासरी खाली ठेवतो तो कोपीत राहणारा ऊसतोड मजूर, आणि तिच्या सावलीत गारव्याला बसतो तो प्रत्येक खोलीत एसी लावणारा. गरिबाच्या काटकसरीवर इतके स्वस्त पुण्य दुसऱ्या कुठल्या व्यवहारात मिळत नसेल.

म्हणून माप टाकून देऊ नये. त्याचे दोन रकाने करावेत. विमान, मोटार, एसी, घराचा आकार हे आपल्या रकान्यात, आणि तिथे सबब चालायची नाही. वीज कशापासून, बस किती, रस्ता चालणाऱ्यांसाठी की मोटारींसाठी, हा दुसरा रकाना. त्याची वसुली मत मागायला येणाऱ्याकडून करायची. सध्याच्या हिशेबात शेवटी ‘झाड लावा’ असा सल्ला मिळतो. त्या जागी नगरसेवकाचा आणि ऊर्जामंत्र्यांचा फोन नंबर छापला तर माप खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल. मात्र तसले यंत्र कुठलीही तेल कंपनी फुकट वाटणार नाही.