पाथरवट व्हा : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

सुरुवात वेरूळच्या कैलास लेण्यापासून करू नये. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या कारागिरांनी ते डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणलं, आणि त्यांच्यामागे पहिल्या कृष्णाची तिजोरी होती. तुमच्यामागे घराचा हप्ता आहे. तेव्हा आपण पाटा करू.

आधी परवाना. दगड हे सरकारी भाषेत गौण खनिज. किती गौण, ते उचलताना कळेल.

मग दगडाची निवड. सह्याद्रीत निवडायचं काय, जिकडेतिकडे दगडच, असं ज्याला वाटतं त्याने इथेच थांबावं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरला आणि प्रत्येक थराने आपला स्वभाव वेगळा ठेवला. मांजऱ्या खडक टाकीखाली शहाण्यासारखा वागतो; पण त्याचा पाटा केलात तर चटणीत निम्मा पाटा उतरेल. पांढऱ्या ठिपक्यांचा दगड दिसतो छान. ते लाव्हातले बुडबुडे, मागाहून खनिजांनी भरलेले. घडवताना नेमका तोच ठिपका निखळतो आणि खळगा पडतो. हवा तो घट्ट काळा पाषाण. हातोडीने ठोकून बघा : खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर आत चीर आहे. नवशिक्याला सगळेच दगड खणखणीत ऐकू येतात. ही अडचण काही वर्षं राहील.

फोडताना जोर करू नका. रेघेवर टाकीने ओळीने खाचा पाडा, त्यांत लोखंडी पाचरी बसवा आणि प्रत्येकीवर एकेक घाव घालत जा. ओळ संपली की पुन्हा पहिलीपासून. एकाच पाचरीवर राग काढलात तर दगड त्याला वाटेल तिकडे फुटेल. पूर्वी कोरड्या लाकडाच्या पाचरी ठोकून वर पाणी ओतत. लाकूड फुगलं की दगड उकले. गडांवर असा काढलेला दगड तटाला जाई आणि उरलेल्या खड्ड्याचं पाण्याचं टाकं होई. आज त्याच्या दोन निविदा निघतील.

आता घडवणं. टाकी तिरपी धरा, नजर टोकावर ठेवा, अंगठा वाचवा. टाकी बोथट झाली की भट्टीत तापवून ठोकायची आणि पाणी पाजायचं. जास्त कडक झाली तर टवका उडतो, मऊ राहिली तर तोंड दुमडतं. कपची डोळ्याकडेच येते, म्हणून चष्मा लावा. रस्त्याकडेला पालात बसून पाटे घडवणाऱ्या वडार बाईकडे तो नसतो, आणि त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. याच सुमारास कोणीतरी येऊन टाकीचे घाव आणि देवपण यांवर बोलू लागेल. त्याच्या हातात टाकी द्यावी.

विक्री सर्वांत कठीण. चारचाकीतून उतरलेलं गिऱ्हाईक विचारेल, ‘‘दगडाचे एवढे?’’ दगड फुकट आहे, पैसे टाकीचे आहेत, असं सांगून बघा. उपयोग होत नाही.

इतकं वाचून पाटा विकतच घ्यावा असं वाटलं असेल, तर मार्गदर्शन सफल झालं. घरी नेल्यावर भिजवलेले तांदूळ वाटा आणि ते वाटण टाकून द्या. कचकच थांबेपर्यंत पुन्हा वाटा. पुढे पाटा गुळगुळीत झाला की अडगळीत टाकू नका, टाकी लावून घ्या. आणि त्या बाईशी घासाघीस करू नका.