कॅनन ठरवण्याची शास्त्रोक्त पद्धत

विज्ञानकथेच्या अवाढव्य मालिकेत कोणती घटना 'खरोखर' घडली, म्हणजेच 'कॅनन' कोणती, हे ठरवायचे असेल, तर इच्छुकाने आधी कथा मिटून ठेवावी आणि मालकीचे कागद मागवावेत. 'स्टार वॉर्स'चेच पाहा. १९९९ च्या 'व्हेक्टर प्राइम' या कादंबरीत च्यूबाका या मालिकेतल्या लाडक्या पात्राच्या अंगावर चक्क एक चंद्र कोसळला आणि बिचारा गेला. चाहत्यांनी बोटे मोडली, तरी पुढची पंधरा वर्षे तो मेलेलाच राहिला. २०१२ मध्ये डिस्नेने लुकासफिल्म विकत घेतली आणि एप्रिल २०१४ मध्ये तोवरच्या कादंबऱ्या-कॉमिक्सवर 'लेजंड्स'चा शिक्का मारून त्या बाजूला सारल्या. च्यूबाका उठून बसला. कचाला जिवंत होताना शुक्राचार्यांचे पोट फाडावे लागले होते. इथे एका पत्रकावर भागले.

यावर कुणी म्हणेल, मालकाचे कसले कौतुक, शब्द मूळ कर्त्याचाच प्रमाण मानावा. ऐकायला छान, पण चालवायला अशक्य. 'स्टार वॉर्स'च्याच १९७७ च्या चित्रपटात नायकांपैकी एक हान सोलो गुत्त्यातल्या टेबलाखालून गोळी झाडतो आणि समोरचा ग्रीडो आडवा होतो, गोळी एकच. १९९७ मध्ये मूळ कर्ते जॉर्ज लुकास यांनीच ग्रीडोला आधी गोळी झाडायला लावली, आणि हाताच्या अंतरावरून त्याचा नेम चुकवला. २००४ च्या डीव्हीडीत दोघे जवळजवळ एकदमच झाडतात. २०१९ मध्ये आलेल्या आवृत्तीत ग्रीडो त्याआधी 'मॅक्लंकी' असे काहीतरी पुटपुटतोही. कर्ता तोच, टेबल तेच, आणि सत्ये चार. (ग्रीडो मात्र चारही वेळा मरतो, एवढे निर्विवाद धरायला हरकत नाही.)

तेव्हा खरी कसोटी एकच: पुढच्या लेखकाला ती गोष्ट लागते का? टिमोथी झान यांनी १९९१ च्या कादंबरीत साम्राज्याच्या राजधानीला कोरुसांट हे नाव दिले. १९९९ च्या चित्रपटाने ते उचलले आणि आता ते कुणाच्या बापाला हलवता येणार नाही. 'स्टार ट्रेक'ची १९७३-७४ ची कार्टून मालिका कैक वर्षे पंगतीबाहेर होती, पण तिचा नायक कॅप्टन कर्क याचे 'टायबेरियस' हे मधले नाव तिथलेच, आणि १९९१ च्या चित्रपटाने ते मुकाट्याने वापरले. मग ज्याने त्याने आपापले कॅनन ठरवावे का? घरात खुशाल ठरवावे. चारचौघांत वाद घालायचा तर दोन्ही पक्षांनी निदान एकच च्यूबाका धरायला हवा, नाहीतर भांडणालाही मजा नाही.

म्हणून कॅननविषयी विधान करताना त्याखाली न चुकता तारीख घालावी, आणि बाद ठरलेली पुस्तके घाईने रद्दीत देऊ नयेत. झान यांच्या त्याच कादंबरीतला ॲडमिरल थ्रॉन २०१४ मध्ये बाद झाला आणि २०१६ मध्ये 'रिबेल्स' मालिकेतून हुद्द्यासकट कामावर रुजू झाला.